हॅम्पसनचा पतंगग्रंथ आणि पाने गुंडाळणारी अळी

सर जॉर्ज हॅम्पसन यांचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील चार खंडांचा पतंगग्रंथ 1892 ते 1896 या काळात प्रसिद्ध झाला. त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि पाने गुंडाळणाऱ्या टॉर्ट्रिसिडी कुलास त्यात स्थान नाही. ती उणीव मेरिक यांच्या ‘एक्झॉटिक मायक्रोलेपिडॉप्टेरा’ने (1912–1937) अंशतः भरून काढली. आंब्याची पाने जाळ्याने जोडणारी ऑर्थागा एक्सव्हिनॅसिया ही पायरॅलिडी कुलातील जात मात्र हॅम्पसन यांनीच 1891 मध्ये वर्णिली. परंतु ग्रंथातील ओळखपद्धती मुख्यतः प्रौढ पतंगाच्या पंखशिरा व मुखांगांवर उभी आहे. जव्हारकडील दाभोशाच्या आमराईत शेतकऱ्यास दिसते ती अळी आणि वाळलेल्या पानांचा झुबका. सवय सारखी असली तरी कुल भिन्न असू शकते. म्हणून अळी पाळून पतंग बाहेर पडल्यावरच नाव निश्चित करावे. त्यानंतरच हा ग्रंथ खरा उपयोगी पडतो.