६१० क्रमांकाच्या टाकीतले नाव

१,३,५-ट्रायमिथाइल-१,३,५-ट्रायअझिनेन-२,४,६-ट्रायोन. हे नाव सावकाश, आकड्यांसकट, मोठ्याने वाचावे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे ‘मिक’, बाहेर पडले आणि शहरातली हजारो माणसे मेली. टाकीच्या तळाशी जो घट्ट अवशेष राहिला, त्यात हे संयुग मोठ्या प्रमाणात सापडले. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दिलेल्या अहवालात त्याला ‘मिक ट्रायमर’ म्हटले आहे. हे छोटे नाव सोयीचे, पण तीन रेणू जुळले एवढेच ते सांगते. कसे जुळले, ते लांब नावातच कळते.

नावाचा गाभा ‘ट्रायअझिनेन’. ‘ट्राय’ म्हणजे तीन, ‘अझा’ म्हणजे नायट्रोजन, आणि शेवटचे ‘इनेन’ सांगते की वलय सहा अणूंचे आणि संपृक्त आहे. ही रीत हँट्झ आणि विडमन यांची, अनुक्रमे १८८७ आणि १८८८ सालची. पिरिडीन, फ्युरान ही जुनी नावे पाठच करावी लागतात. हँट्झ-विडमन रीतीत मात्र ऑक्सिरेन म्हटले की तीन अणूंचे वलय आणि ऑक्सोलेन म्हटले की पाचांचे, हे प्रत्ययच सांगतो. विषमचक्रीय रसायनात मला याहून देखणे काही वाटत नाही.

आता आकडे. वलयात कार्बनखेरीज जे अणू असतील त्यांना लहानात लहान क्रमांक द्यायचे, हा नियम. म्हणून नायट्रोजन १, ३, ५ वर आणि कार्बन २, ४, ६ वर. तिन्ही नायट्रोजन इतके सारखे आहेत की मोजणी कोणापासूनही, कोणत्याही दिशेने सुरू करा, नाव तेच येते. प्रत्येक विषम स्थानी एक मिथाइल, प्रत्येक सम स्थानी एक ऑक्सिजन.

इथे थांबून वलय मनातच कापावे: २ आणि ३ मध्ये, ४ आणि ५ मध्ये, ६ आणि १ मध्ये. तीन तुकडे पडतात, आणि प्रत्येकात मिथाइल, नायट्रोजन, कार्बन, ऑक्सिजन याच क्रमाने येतात. तेच मिथाइल आयसोसायनेट. रेणुभार ५७, तिप्पट केला की १७१. एकही अणू वाढला नाही, एकही गळला नाही. ‘मिक’ सुमारे ३९ अंशांना उकळते, तर हे वलय म्हणजे पक्का स्थायू. टाकीत पाणी शिरले, अभिक्रिया सुरू झाली, आणि अशी वलये बांधली जाताना बाहेर पडलेल्या उष्णतेने उरलेल्या द्रवाला उकळी आणली. वलय झाले ते टाकीत राहिले. ज्याचे वलय झाले नाही ते वाफ होऊन वस्त्यांवर गेले. हे नाव वाचताना ही गोष्ट विसरता येत नाही, आणि विसरूही नये.

त्याच अवशेषात या वलयाची दोन भावंडे होती. पहिले १,३,५-ट्रायमिथाइल-१,३,५-ट्रायअझिनेन-२,४-डायोन. सहावे स्थान नावात नाही, कारण तिथल्या कार्बनवर ऑक्सिजन नसून दोन हायड्रोजन आहेत. या दोन ऑक्सिजनांना २,६ किंवा ४,६ म्हणता आले असते, पण लहान क्रमांकांचा नियम २,४ वरच आणतो. तिन्ही नायट्रोजनांची बरोबरी इथे मोडली: तिसरा दोन ऑक्सिजनधारी कार्बनांच्या मध्ये अडकला. पहिला आणि पाचवा मात्र अजून एकमेकांचे आरसे, म्हणून मोजणी कोणत्याही टोकाकडून केली तरी चालते.

दुसरे भावंड १,३-डायमिथाइल-१,३,५-ट्रायअझिनेन-२,४,६-ट्रायोन. इथे मागचे तिन्ही ऑक्सिजन जागेवर आहेत. पुढच्या आकड्यांतून ५ गेला आहे, म्हणजे त्या नायट्रोजनवर मिथाइलऐवजी नुसता हायड्रोजन उरला आहे.