पुरावा एकाचाच

गाडी ‘कंडम’ झाली, चाळ ‘कंडम’ झाली, असे आपण सहज बोलून जातो. ज्या इंग्रजी शब्दावरून हा शब्द आपल्या तोंडी बसला, तोच ‘कन्डेम्ड : क्रिमिनल ओरिजिन्स’ या व्हिडिओ गेमच्या नावात आहे. राहण्यास अयोग्य ठरवलेली इमारत आणि दोषी ठरवलेला माणूस, असे त्याचे दोन अर्थ. मोनोलिथ प्रॉडक्शन्स या अमेरिकन कंपनीने तयार केलेला आणि सेगाने २००५ साली बाजारात आणलेला हा गेम या दोन्ही अर्थांवर उभा आहे. मुलांच्या हाती तो देऊ नये, हे खरेच; पण मुलांचा खेळ म्हणून त्याची चर्चा टाळणेही बरोबर नाही. कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो, ते यालाही विचारले पाहिजेत.

नायक एथन थॉमस हा एफबीआयचा अधिकारी. एका काल्पनिक अमेरिकन शहरात तो खुन्याच्या मागावर आहे. सुरुवातीलाच त्याचे पिस्तूल खुन्याच्या हाती लागते, त्याच पिस्तुलाने दोन पोलीस मारले जातात आणि आळ एथनवर येतो. तेव्हा पुढचा तपास हा एका संशयिताने फरारी अवस्थेत केलेला तपास आहे. खुनीही नेहमीचा नाही. इतर खुन्यांना तो त्यांच्याच पद्धतीने मारतो. इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’वर वाढलेल्या वाचकाला हे कोडे फार अवघड वाटणार नाही. फरक इतकाच की इथे सगळे एथनच्या डोळ्यांनी दिसते. बॅटरीच्या झोतापलीकडे काय आहे, ते पुढे पाऊल टाकल्याशिवाय कळत नाही.

भीती निर्माण करण्यात हा गेम फार वरच्या दर्जाचा आहे. बंदुका कमी, आणि आत असतील तेवढ्याच गोळ्या. त्या संपल्या की भिंतीवरचा पाइप उपटायचा, खिळे ठोकलेली फळी उचलायची. बंद पडलेल्या एका मोठ्या दुकानात कपड्यांचे पुतळे उभे आहेत. आपण पाठ फिरवतो, पुन्हा पाहतो, तर ते जवळ आलेले असतात. रक्ताचा एक थेंबही न दाखवता घाम फोडणारा असा प्रसंग चित्रपटातही क्वचितच सापडेल.

तपासाची साधनेही आहेत. अतिनील दिव्यात पुसलेले रक्त दिसते, कॅमेऱ्याने टिपलेला पुरावा प्रयोगशाळेतल्या रोझाकडे जातो, तिचे उत्तर फोनवर येते. कोणते साधन कुठे काढायचे, हे गेमच सांगतो, त्यामुळे डोके फारसे चालवावे लागत नाही. तरी तत्त्व मान्य केलेले आहे : पुराव्याशिवाय कोणाला खुनी म्हणायचे नाही.

आणि नेमके हे तत्त्व एकाच माणसापुरते आहे. भुयारी रेल्वेस्थानकात, जळालेल्या ग्रंथालयात, ओस पडलेल्या शाळेत जे भेटतात ते बेघर आणि नशेच्या आहारी गेलेले लोक. त्यांना नावे नाहीत. कोणत्या तरी अज्ञात कारणाने शहरातले पक्षी मरत आहेत आणि माणसे पिसाळत आहेत, अशी सूचना कथेतच आहे. म्हणजे हे लोक आजारी आहेत. पण मार खाऊन एखादा गुडघ्यांवर आला की गेम त्याला संपवण्याचे चार पर्याय पुढे ठेवतो. हातकडी घालण्याचा त्यात एकही नाही. खऱ्या खुन्याला मात्र शेवटी मारायचे की सोडायचे, हे खेळणाऱ्याला विचारले जाते!

हल्ला तर तेच करतात, असे कोणी म्हणेल. करतात, कारण निर्मात्यांनी त्यांना तेवढेच काम दिले आहे. गंमत म्हणजे याच निर्मात्यांनी त्यांना खांबाआड दबा धरायला, पळून जायला, आपसांत भांडायलाही शिकवले. त्यांना भीती दिली, चलाखी दिली, पण विचारपूस नाकारली. वस्तीवरून माणसाचा निकाल लावण्याची ही रीत आपल्या वाचकांना परकी नाही. म्हणूनच खोट्या आळाखाली पळणाऱ्या एथनला हे एकदाही जाणवू नये, हे मला या कथेतले सर्वांत मोठे न्यून वाटते.

दुसरा भाग २००८ साली आला, तेव्हा एक संधी चालून आली होती. त्यात एथन नोकरी सोडून दारूच्या आहारी गेलेला, रस्त्यावर आलेला आहे. पहिल्या भागात ज्यांना त्याने झोडपले, त्यांच्यातलाच एक. त्या माणसांकडे आतून पाहता आले असते. पण गेमने त्याच्या व्यसनाचा उपयोग केला तो एवढाच की दारू प्यायल्यावर नेम धरताना त्याचा हात थरथरत नाही. सगळ्या वेडाचे खापर एका गुप्त पंथावर फोडून कथा मोकळी होते, आणि गल्लीतले ते लोक दुसऱ्या भागातही बिननावाचेच मरतात.