संसारांतील शांतरस

शांतरसाचें नांव निघालें कीं साहित्यचर्चेस ताबडतोब अरण्याची वाट आठवते. भरताच्या नाट्यशास्त्रांतील रस परंपरेनें आठ. नवव्यास त्या पंक्तींत बसविण्याकरितां अभिनवगुप्तास केवढा वाद घालावा लागला हें जाणत्यांस सांगावयास नको. मम्मटानें काव्यप्रकाशांत त्यास जागा दिली ती निर्वेद हा त्याचा स्थायीभाव ठरवून. म्हणजे ज्यास संसाराचा वीट आला त्यासच शांतीचा अधिकार! हा निकाल मराठी टीकेनें इतक्या निमूटपणें पत्करला आहे, कीं शांतरसाचें उदाहरण द्यावयाचें झालें तर संतवाङ्मयाबाहेर पाऊल टाकण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु चूल, पाळणा आणि ओसरी यांच्यामध्यें जी शांति घटकाभर येऊन बसते, येते तेव्हां ओळखूं येत नाहीं, आणि पुढें वीस-तीस वर्षांनीं भलत्याच वेळीं आठवते, तिची सोय कोणत्या रसांत लावावयाची?

हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला तो दोन जुनीं पुस्तकें लागोपाठ पुन्हा वाचतांना. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें १९१० सालचें. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून पुढें भागशः निघालीं. पहिलें पुस्तक स्त्रीशिक्षणाच्या इतिहासासाठीं वाचावें आणि दुसरें धर्मांतराच्या कथेसाठीं, असा प्रघात पडून गेला आहे. त्या दृष्टीनें तीं मोलाचीं आहेतच. परंतु इतिहास एकदां कळला म्हणजे कळला. पुन्हा पुन्हा त्या पानांकडे आम्ही जातों तें दुसऱ्याच कशासाठीं तरी.

रमाबाई लिहावयास वाचावयास शिकत होत्या आणि घरांतील वडीलधाऱ्या बायकांस तें खपत नव्हतें. दिवसभर टोमणे ऐकावयाचे आणि उत्तर द्यावयाचें नाहीं, असा तो संसार. त्याच संसारांत एक पहाट आहे. रानडे जागे होऊन अभंग म्हणत आहेत आणि रमाबाई ऐकत आहेत. यापलीकडे त्या पहाटेंत कांहीं घडत नाहीं. मग ती मनांतून जात कां नाहीं? आमच्या मतें कारण असें, कीं उजाडल्यावर काय ऐकावयाचें आहे तें त्या बाईस ठाऊक आहे आणि वाचकासही ठाऊक आहे. तेवढा वेळ मात्र तिला कोणापासून सावध राहण्याची गरज नाहीं. येथें निर्वेद कोठें आहे? संसाराचा वीट तर नाहींच. असलीच तर तो संसार पुन्हा मिळावा ही ओढ. रानडे १९०१ सालींच वारले होते. तेव्हां हा करुणच, असें कोणी म्हणेल. पण करुण हा गेलेल्या वस्तूपाशीं रेंगाळतो. रमाबाई त्या पहाटेपाशीं रेंगाळतात, आणि पहाट त्यांच्यापुरती गेलेली नाहीं. रसास्वादाविषयीं बोलतांना अभिनवगुप्त ‘विश्रांति’ हा शब्द योजतो. संसारांतील शांतरसाचा स्थायीभाव शोधावयाचाच असेल तर तो निर्वेदाकडे न शोधतां या शब्दाच्या आसपास शोधावा, असें आम्हांस वाटतें. साध्या मराठींत त्यास निर्धास्तपणा म्हणतां येईल.

लक्ष्मीबाईंच्या वांट्यास निर्धास्तपणा फारच थोडा आला. माहेरीं वडिलांचें सोंवळ्याचें वेड. सासरीं नवरा असा, कीं न सांगतां घर सोडून जावें आणि हातीं आलेला पैसा कोणासही देऊन टाकावा. १८९५ सालीं त्याचें धर्मांतर आणि त्यामागून आलेला वर्षांचा वियोग. असें असतां हें पुस्तक वाचून मन निवतें, याचें श्रेय लोक बाईंच्या विनोदास देतात. विनोद आहे खरा; पण त्याहून मोठा गुण दुसरा आहे, आणि त्याकडे टीकाकारांचें म्हणावें तसें लक्ष गेलेलें नाहीं. पुढें काय झालें तें ठाऊक असूनही त्याची सावली बाई मागच्या क्षणावर पडूं देत नाहींत. बालकवी ठोमरे टिळकांच्या घरीं राहिले. ते १९१८ सालीं, ऐन अठ्ठाविशींत, भादलीच्या स्टेशनावर आगगाडीखालीं गेले. लिहितांना बाईंस हें ठाऊक होतें. तरी त्यांच्या पानांवर तो मुलगा घरांतल्या मुलासारखाच वावरतो. आठवणी लिहिणाऱ्यास हा संयम किती दुर्मिळ असतो, हें एकदां लिहावयास बसल्याशिवाय कळत नाहीं.

या कसोटीवर ‘श्यामची आई’ थोडी उणी पडते, असें म्हणतांना आम्हांस संकोच होतो. साने गुरुजींनीं तें पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत पांच दिवसांत लिहिलें. घरापासून तुटलेल्या माणसानें घर आठवावें आणि तें भरल्या डोळ्यांनीं आठवावें, यांत नवल नाहीं. आंघोळ झाल्यावर पायांस माती लागूं नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई धोंडीवर आपले ओचे पसरते. ओले पाय त्या ओच्यांवर टेकतात, तो क्षण मराठींतील शांतरसाचा एक निर्भेळ क्षण आहे. पण लगेच मनास घाण लागूं न देण्याचा उपदेश येतो आणि ओचे विसरले जातात. आमच्या लघुनिबंधकारांचें तर बोलावयासच नको. त्यांची शांति बहुधा आरामखुर्चींत सुरू होऊन चहाच्या पेल्यापाशीं संपते.

एक आक्षेप मात्र आम्हांस सहजासहजीं झटकतां येत नाहीं. घरांतल्या शांतीचे असे गोडवे गाणें म्हणजे ती ज्यांच्या कष्टांवर उभी होती त्यांचें तोंड बंद करणें नव्हे काय? पहाटे अंथरुणांत पडून जात्याची घरघर ऐकणाऱ्यास ती अंगाईसारखी वाटते; खुंटा धरणाऱ्या हातांस काय वाटतें? बहिणाबाई चौधरींचीं गाणीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें आलीं, तेव्हां खुंटा धरणारा हात प्रथमच स्वतःच्या नांवानिशीं एवढ्या मोठ्या वाचकवर्गापुढें आला. त्या गाण्यांत जी शांति आहे ती कष्ट टळल्याची नव्हे; काम अंगीं मुरल्याची आहे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई याच बाजूच्या. पुढचा सगळा दिवस ज्यांच्या अंगावर पडावयाचा, त्यांनींच तो आधींचा क्षण सांगितला आहे. म्हणून त्यांचा शब्द आम्ही प्रमाण मानतों.

आमचा स्वतःचा शब्द तसा प्रमाण नाहीं, हेंही येथेंच कबूल करणें बरें. जात्याच्या आवाजाविषयीं चार ठिकाणीं आम्हीं मोठ्या प्रेमानें बोललों आहों. असेंच एकदां आजीपुढें बोलत असतां तिनें मध्येंच थांबविलें. “आवाजाचें काय घेऊन बसलास?” ती म्हणाली. “दळण सरलें कीं पीठ भरायच्या आधीं मी भिंतीला पाठ टेकून बसायची. अगदीं थोडा वेळ. तुम्हां पोरांपैकीं कोणी उठेपर्यंत.”