घाशीराम पडतो, नाना राहतो
(वसई येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय तुम्हाला आधीच कळवला होता: स्वभावदोष, सत्ता आणि पतन. विषय अवाढव्य आहे, म्हणून मी तो माझ्या सोयीने लहान करून घेतलाय. दोन नाटकं, दोन चित्रपट आणि आपल्या या वसईत झालेला एक तह, एवढ्यावरच बोलेन.

आपल्याकडे कुणी मोठा माणूस खाली आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "स्वभाव नडला." विरार लोकलमध्ये बोरिवली यायच्या आत खटल्याचा निकाल लागतो. फार माज होता, फार हाव होती, कुणाचं ऐकायचाच नाही. (हशा) हसू नका, साहित्याच्या वर्गातही आम्ही हेच शिकवलं. ए. सी. ब्रॅडली या इंग्रज प्राध्यापकाचं शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरचं पुस्तक १९०४ साली आलं. ते पुढे पिढ्यान् पिढ्या वाचलं गेलं आणि त्याचा वर्गात काढा झाला: मॅक्बेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लो म्हणजे संशय, हॅम्लेट म्हणजे चालढकल. एका माणसाला एक दोष, जसं एका कुलपाला एक किल्ली. बिचारा ब्रॅडली इतका सोपा नाही, पण काढा करताना पान कुणाचं होतं ते कोण बघतो! आणि ज्या अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर हे सगळं खपतं, त्याने वापरलेला शब्द आहे 'हमार्तिया'. त्या शब्दाच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. म्हणजे चूक. स्वभावातला डाग, असं त्यात लिहिलेलं नाही.

आता मॅक्बेथ घ्या. शिरवाडकरांनी त्याचं 'राजमुकुट' केलं, ते ठाऊक असेल. मॅक्बेथ राजाला मारतो आणि स्वतः राजा होतो. त्याच्या डोक्यावर कुणी उरत नाही. तिथे स्वभावाची चर्चा मला पटते, कारण सगळी सत्ता त्याच्याच मुठीत आहे. तो जे करतो ते त्याचंच. पण आपल्या मराठी रंगभूमीवरचा सगळ्यात गाजलेला पडणारा माणूस कोण? घाशीराम. आणि घाशीराम राजा नाही. तो कोतवाल आहे. कुणीतरी नेमलेला.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिल्यांदा झालं. गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा क्रम डोळ्यांसमोर आणा. कनोजचा ब्राह्मण घाशीराम पुण्यात पोट भरायला येतो. त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, गावाबाहेर काढलं जातं. तो सूड घ्यायची शपथ घेतो. मग स्वतःची पोर, गौरी, नाना फडणविसांच्या पुढ्यात ठेवतो आणि बदल्यात कोतवाली मागतो. कोतवाल झाल्यावर साऱ्या पुण्याला छळतो. गौरी मरते. तेलंगी ब्राह्मण कोठडीत गुदमरून मरतात, लोक खवळतात, आणि घाशीराम ठेचला जातो.

एवढंच बघितलं तर स्वभावदोषाचं पाठ्यपुस्तक. सूडबुद्धी, क्रौर्य, मुलीला विकण्याइतका अधमपणा. पण तेंडुलकरांनी मध्ये एक जागा अशी ठेवली आहे की ती ऐकल्यावर हे पुस्तक मिटतं. नेमणूक करून झाल्यावर नाना एकटा आपल्याशी हिशेब मांडतो. त्याचा मथितार्थ असा, की बरं झालं, आता आपलीही पापं या परक्या माणसाच्या खात्यावर जमा होतील. म्हणजे घाशीरामचा दोष नानाला आधीच माहीत आहे. नुसता माहीत नाही, हवा आहे! सज्जन कोतवाल नानाच्या काय कामाचा? सूडाने पेटलेला, गावात कुणी नसलेला, मुलीच्या बदल्यात पद घेतलेला माणूस. याच्याइतका बांधलेला नोकर दुसरा कुठे मिळणार? शेवटी लोक दारात आले की नाना एका सहीवर त्याला सोडून देतो. आणि वर तीन दिवस उत्सव जाहीर करतो. उत्सवात सगळं पुणं नाचतं, कारण सगळ्यांनाच वाटतं की पाप गेलं.

मूळ इतिहासातही घाशीराम १७९१ मध्ये जमावाच्या हाती मेला. त्याच्यावर मोरोबा कान्होबांनी १८६३ सालीच पुस्तक लिहिलं होतं. पण गंमत बघा, १९७२ ला वाद कशावर पेटला? नाना फडणवीस असा होता का, यावर. नाटक एकोणीस प्रयोगांनंतर थांबलं, मग कलावंतांनी थिएटर अकादमी काढून ते पुन्हा उभं केलं. त्या वादात नानाच्या चारित्र्यावर ढीगभर बोललं गेलं. असा कोतवाल नेमण्याची सोय राज्यकर्त्याला कशी मिळते, यावर तितकं नाही. आपण नाटक बघून आलो आणि पुन्हा स्वभावाच्याच डब्यात चढलो.

आता वसईच्या कागदाकडे येतो. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला यशवंतराव होळकराने पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुण्यातून निघाला, कोकणात उतरला, इंग्रजांच्या आश्रयाने वसईला आला, आणि ३१ डिसेंबरला इथे तह झाला. कंपनीची सहा हजारांची फौज पेशव्याच्या पदरी, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, आणि परराष्ट्राशी बोलायचं तर कंपनीला विचारून. शाळेत आपण काय शिकलो? 'पळपुटा बाजीराव.' भित्रा, विलासी, कपटी. हे सगळं असेलही. ना. सं. इनामदारांनी 'मंत्रावेगळा' लिहून त्याची दुसरी बाजू मांडायचा प्रयत्न केला, पण शिक्का काही पुसला गेला नाही.

मी मात्र तह असा वाचतो: त्या दिवशी वसईत पेशवा हा कोतवाल झाला. पद तेच, पोशाख तोच, पण आता वर कुणीतरी आहे. आणि वरच्याला तो जसा होता तसाच सोयीचा होता. खंबीर पेशव्याने त्या कागदावर सही केली असती का? पुढे सोय संपली. १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला, त्यात काय होतं? बाजीरावाच्या दुर्वर्तनाचा पाढा. गंगाधरशास्त्र्यांचा खून वगैरे सगळं. म्हणजे १८०२ ला ज्या माणसाशी करार केला त्याचा स्वभाव १८१८ ला कळला! आठ लाखांचं सालीना पेन्शन देऊन त्याला बिठूरला पाठवलं. घाशीरामपेक्षा नशीबवान म्हणायचा. (हशा)

'एकच प्याला'विषयी थोडक्यात. गडकऱ्यांचं हे नाटक १९१९ चं, त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेलं. आपण ते दारूचं नाटक म्हणून बघतो, आणि सुधाकर म्हणजे व्यसन असं समीकरण करतो. पण पहिला प्याला हातात येतो कधी? कोर्टात अपमान होतो, सुधाकर उलट बोलतो, सनद काही महिन्यांसाठी जाते, तेव्हा. दोष आहे मानीपणाचा. तोच मानीपणा मोठ्या पदावर असता तर लोकांनी त्याला बाणेदारपणा म्हटलं असतं. खालच्या पायरीवर आहे म्हणून उद्धटपणा ठरला. गडकऱ्यांनी ही वाट पुढे चालवली नाही, ते तळीरामाच्या विनोदात आणि सिंधूच्या आसवांत रमले. मला ती त्या नाटकाची मर्यादा वाटते, आणि लोकप्रियतेचं कारणही तेच.

सिंधूचं नाव आलं म्हणून एक मुद्दा सांगतो, जो माझ्या मते आजचा खरा मुद्दा आहे. पतन व्हायला उंची लागते. सुधाकर पडतो, घाशीराम पडतो, त्यांच्यासाठी आपल्याकडे शोकांतिका हा शब्द आहे. सिंधू, गौरी, कोठडीत गुदमरलेले ते तेलंगी ब्राह्मण, यांचं काय? यांच्या अंगी शोधायला कुठला दोष? ते कुठल्याच पायरीवर नव्हते, म्हणून ते 'पडले' असं म्हणता येत नाही. ते नुसते मेले. स्वभावाची चर्चा जेवढी रंगते तेवढे हे लोक मागे सरकतात. गौरी घ्या. नाटकभर तिच्यावरून सौदा होतो आणि तिच्या तोंडी जवळजवळ काहीच नाही. प्रेक्षक बाहेर पडताना घाशीरामविषयी बोलतात, नानाविषयी बोलतात. गौरीविषयी बोलत बाहेर पडलेला प्रेक्षक मी क्वचितच पाहिला.

या बाबतीत 'सामना' मला 'घाशीराम'पेक्षा पुढे गेलेला वाटतो. लेखक तेंडुलकरच, दिग्दर्शक जब्बार पटेलच. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला चित्रपट. हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखाना, गाव त्याच्या शब्दावर. आणि एक दारुडा, जुना गांधीवादी मास्तर येऊन विचारत बसतो की मारुती कांबळे नावाचा माणूस गेला कुठे. सगळा चित्रपट मेलेल्या माणसाच्या नावाभोवती फिरतो. ज्याला उंची नव्हती तो मधोमध, आणि उंचीवाला त्याला उत्तर देत फिरतोय. हिंदुराव शेवटी कायद्याच्या हातात सापडतो तेव्हा आपण 'स्वभाव नडला' म्हणत नाही. आपल्याला मारुतीचा हिशेब लागलेला असतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, पण 'सामना' बघताना हिंदुरावबद्दल वाईट वाटतं. मग तुमचा मुद्दा कुठे राहिला?)

प्रश्न बरोबर आहे ताई. मलाही वाटतं. त्याचं अर्धं श्रेय निळू फुल्यांना. हिंदुराव मास्तरला एका रात्रीत गावाबाहेर फेकू शकला असता, पण तो त्याला घरात ठेवतो, पाजतो, स्वतःचं वैभव दाखवतो. का? त्याला या फाटक्या माणसाकडून चांगुलपणाचा दाखला हवा आहे. सगळं गाव हो म्हणतंय, पण त्या होकाराला किंमत नाही, हे त्यालाच कळलंय. हा त्याचा दोष म्हणा किंवा त्याच्यातलं शेवटचं माणूसपण म्हणा, त्यामुळेच तो सापडतो. म्हणजे मी स्वभाव नाकारत नाही. पण हिंदुरावच्या वर चित्रपटात कुणी नाही, तो आपल्या गावापुरता मॅक्बेथ आहे, म्हणून तिथे स्वभाव बोलू शकतो. नेमलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र मी आधी नेमणाऱ्याला विचारेन.

आणि विषय निघालाच आहे तर 'सिंहासन'ही बघून घ्या, १९७९ चा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा. तिथे पात्रांची अदलाबदल आहे. 'सामना'तला मास्तर, म्हणजे डॉ. लागू, इथे मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री. आणि 'सामना'तला हिंदुराव, निळूभाऊ, इथे दिगू टिपणीस, पत्रकार. सत्ता गमावण्याची पाळी आलेला मुख्यमंत्री टिकून राहतो. सगळे डाव जवळून बघणाऱ्या दिगूच्या डोक्यावर मात्र शेवटी परिणाम होतो. त्याने काहीच केलेलं नसतं, फक्त पाहिलेलं असतं.