240 पत्त्यांचा डेक आणि अर्धवट घरटं

जुलैमध्ये माझा मावसभाऊ किहीमला आला. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद असते, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा आणि तिथून रिक्षा. अंगावरचे कपडे भिजले होते, पण बुटांचे दोन खोके त्याने प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून आणले होते. खोक्यांत ‘मॅजिक: द गॅदरिंग’चे पत्ते. जेवण झाल्यावर म्हणाला, "ताई, तुझं ते चिंबोऱ्यांचं गणित इथे लागेल ना? मला 240 पत्त्यांचा डेक बांधायचाय. सगळे हसतात."

मी पण हसले. का हसले आणि ते कुठे चुकलं, यावर ही पोस्ट आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. आपल्याकडे पत्त्यांचा कॅट ठरलेला असतो. 52 पत्त्यांचा घ्या किंवा सावंतवाडीची 120 गोल पत्त्यांची दशावतारी गंजिफा घ्या, सगळे एकाच कॅटवर खेळतात आणि कौशल्य डाव सुरू झाल्यावर दिसतं. ‘मॅजिक’मध्ये प्रत्येक खेळाडू आपला डेक घरून बांधून आणतो. राक्षस, मांत्रिक, शाप, जादूच्या वस्तू असे हजारो वेगवेगळे पत्ते बाजारात आहेत. त्यातले निवडायचे, म्हणजे निम्मा खेळ समोरासमोर बसण्याआधीच होतो. हा खेळ 1993 साली रिचर्ड गारफिल्ड यांनी काढला आणि त्याच वर्षी त्यांना पीएचडी मिळाली. विषय होता संयोजनशास्त्र, म्हणजे ‘किती प्रकारे निवडता येईल’ याचं गणित. (आमच्यातला एक जण पीएचडी करता करता काय करत होता, ते बघून ठेवा.)

नियम असा की डेकमध्ये कमीत कमी 60 पत्ते हवेत आणि एका नावाचे जास्तीत जास्त चार. ज्यातून जादूची ताकद, म्हणजे ‘माना’ मिळतो, त्या साध्या जमिनींना ही चारची मर्यादा नाही. गंमत अशी की किमान आहे, पण कमाल नाही. स्पर्धेत अट एवढीच की तुमचा डेक तुम्हाला कोणाच्या मदतीशिवाय वेळेत पिसता आला पाहिजे. तरी नवशिक्याला पहिल्या दिवशी मिळणारा सल्ला ठरलेला: बरोबर 60 ठेव, एकसष्टावा नको. कारण सोपं आहे. पत्ते वाढले की सर्वांत चांगला पत्ता हातात येण्याची शक्यता घटते.

या सल्ल्याला छेद देणारा एक पत्ता 2001 मध्ये ‘ओडिसी’ या संचात आला, ‘बॅटल ऑफ विट्स’. पाच माना खर्च करून तो मांडायचा. तुमच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीला तुमच्या गठ्ठ्यात 200 किंवा जास्त पत्ते शिल्लक असतील तर तुम्ही जिंकलात. मारामारी नाही, काही नाही. नंतरच्या दोन मूळ संचांतही हा पत्ता पुन्हा छापला गेला. मावसभावाला याच्यावरच डेक बांधायचा होता.

आता माझं हसणं. मी लगेच वहीत आकडे मांडले. चार पत्ते 60 मध्ये असतील तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत त्यातला निदान एक असण्याची शक्यता 40 टक्के. तेच चार 240 मध्ये असतील तर 11 टक्के. पाच माना जमायला पाचवी पाळी लागते. पहिलं खेळणाऱ्याने तोवर 11 पत्ते पाहिलेले असतात. तिथे 60 च्या डेकला 57 टक्के आणि 240 च्या डेकला 17 टक्के. "बघ," म्हटलं, "सहा डावांत पाच वेळा तुझा हुकमी पत्ता वेळेवर येणारच नाही."

तो शांतपणे म्हणाला, "पण मी चारच कुठे ठेवतोय?"

त्याच्या यादीत पत्ता शोधून आणणारे पत्तेही होते. एक खेळला की गठ्ठा चाळून हवा तो पत्ता हातात घ्यायचा, मग गठ्ठा पिसायचा. असे चार प्रकारचे, चार-चार, म्हणजे 16. चार मूळ आणि 16 शोधणारे मिळून कामाचे पत्ते 20. आता 240 मध्ये 20. सात पत्त्यांत निदान एक येण्याची शक्यता 46 टक्के आणि 11 पत्त्यांत 62 टक्के. म्हणजे 60 च्या डेकमधल्या चार पत्त्यांपेक्षा थोडी जास्तच!

माझी चूक इथे होती, आणि ती मी रोज ज्या गोष्टीवर काम करते त्याच गोष्टीत होती. धरमतर खाडीत आम्ही चिंबोऱ्या पकडतो, खूण करून सोडतो आणि काही दिवसांनी पुन्हा पकडतो. दुसऱ्या खेपेला खुणेच्या किती आल्या यावरून खाडीत एकूण किती असतील याचा अंदाज बांधतो. यात महत्त्वाचं असतं प्रमाण. पंधरातली एक खुणेची असेल, तर खाडीत 600 असोत की 6,000, माझ्या टोपलीत साधारण तेवढ्याच खुणेच्या येणार. पत्त्यांचंही गणित तेच. 60 मध्ये 4 आणि 240 मध्ये 16, दोन्हींचं प्रमाण पंधरात एक. सात पत्त्यांसाठी उत्तरं 40 टक्के आणि 38.7 टक्के. एवढाच फरक. मोठा डेक म्हणजे आपोआप बेभरवशाचा डेक, हे चूक आहे. जमिनींचंही तसंच: 60 मध्ये 24 असतात, 240 मध्ये 96 ठेवा.

म्हणजे सल्ला चूक का? नाही. सल्ला बरोबर आहे, त्याचं सांगितलं जाणारं कारण अर्धवट आहे. या डेकचा खरा दोष दुसरीकडे आहे.

60 च्या डेकमधून 24 जमिनी काढल्या की 36 पत्ते उरतात. चार-चार धरले तर नऊ प्रकार. म्हणजे तुम्ही तुमचे सर्वांत चांगले नऊ पत्ते घेऊन बसता. 240 मध्ये जमिनी सोडून 144 पत्ते, म्हणजे 36 प्रकार. प्रमाण टिकवायला तुम्हाला छत्तिसाव्या क्रमांकाचा पत्ताही घ्यावा लागतो. पहिला आणि नववा यांच्यात फार अंतर नसतं. नववा आणि छत्तिसावा यांच्यात असतं. मावसभावाच्या यादीच्या तळाशी असे पत्ते होते की "हा का?" विचारल्यावर तो म्हणायचा, "जागा भरायला." शिवाय शोधणारा पत्ता म्हणजे खुद्द हुकमी पत्ता नव्हे. त्यालाही माना लागतो, बऱ्याचदा एक अख्खी पाळी जाते. ‘62 टक्के’ या आकड्यात उशिराची ही किंमत धरलेलीच नाही. वेगवान डेक चौथ्या-पाचव्या पाळीत खेळ संपवू शकतात. हा डेक सहाव्या पाळीत पत्ता मांडणार आणि जिंकला तर सातव्याच्या सुरुवातीला जिंकणार. मधल्या पाळीत समोरच्याने तो पत्ता मोडला की संपलं.

दुसरा दोष खेळाडूंच्या चर्चेत कमी येतो, मला तो जास्त वाटतो. प्रत्येक शोधानंतर दोनशेच्या वर पत्ते पिसायचे. समोरचा बसून राहतो. पहिल्यांदा मजा वाटते, तिसऱ्या वेळी तो फोन बघायला लागतो. डेकची समीक्षा फक्त जिंकण्याच्या आकड्यावर करू नये असं मला वाटतं. समोर बसलेल्यालाही खेळल्यासारखं वाटायला हवं. इथे हा डेक कमी पडतो.

तरीही ‘बॅटल ऑफ विट्स’ हा पत्ता म्हणून मला फार आवडतो. ज्याने तो रचला त्याने खेळाडूंची सर्वांत पक्की समजूत निवडली आणि विचारलं, हे नक्की कशामुळे खरं आहे? ‘पोकेमॉन’च्या खेळात डेक बरोबर 60 चाच लागतो आणि ‘यू-गी-ओ’मध्ये 40 ते 60. तिथे हा प्रश्न विचारताच येत नाही. ‘मॅजिक’ने कमाल मर्यादा घातली नाही, म्हणून मला माझी चूक सापडली.

आता खरा प्रश्न. त्याच्याकडे वर्षभर शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे होते, आणि ते सगळे या डेकवर घालून तो मुंबईतल्या स्पर्धेला जाणार होता. मी हो म्हणू की नको?

इथे किहीमची एक गोष्ट कामाला आली. 1930 मध्ये सालिम अली इथे राहिले आणि त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचं निरीक्षण केलं. घरटं सुगरणच विणते असं आपण लहानपणापासून धरून चालतो. विणतो नर. पण तो ते पुरं करत नाही. अर्ध्यापर्यंत आणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात. एखादीने पसंत केलं तरच पुढचं काम. नाही तर तेवढ्यावर सोडून देतो. पसंत पडलं की ते पुरं करून तो दुसरं विणायला घेतो. नर एकाच मादीबरोबर संसार करतो ही समजूत त्या निरीक्षणात टिकली नाही.

आम्ही तेच केलं. पत्ते विकत घेतले नाहीत. जुन्या वह्यांचे कागद कापून, नावं लिहून, त्याच्याकडच्या फालतू पत्त्यांवर पाकिटात सरकवले आणि 240 चा डेक उभा केला. पावसात आठवडाभर 20 डाव खेळलो. त्याने सात जिंकले, त्यातले हुकमी पत्त्याने फक्त तीन. बाकीचे चार साध्या राक्षसांनी.

20 पैकी 7 म्हणजे 35 टक्के असं लिहून मोकळं होता येत नाही. इतक्या कमी डावांवरून खरा दर साधारण 15 ते 59 टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे ‘डेक वाईट आहे’ असं सिद्ध झालेलं नाही. पण हरलेल्या 13 डावांची नोंद आम्ही ठेवली होती, आणि ती आकड्यापेक्षा जास्त बोलते. नऊ डावांत हुकमी पत्ता किंवा शोधणारा पत्ता हातात होता. हरलो ते उशिरामुळे. मधल्या पाळ्यांत तग धरायला जे पत्ते आले ते ‘जागा भरायला’ घेतलेले होते. मी हसले होते त्या कारणाने, म्हणजे पत्ता आलाच नाही म्हणून, हरलेले डाव चारच.

माझ्या गाईडना मागच्या वर्षी मी एक आडवळणाची पद्धत सुचवली होती. त्यांनी नको म्हटलं आणि मी महिनाभर कुढत बसले. आता वाटतं, मी त्यांना नुसती कल्पना दाखवली होती, अर्धं विणलेलं काही दाखवलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात दहा टोपल्यांवर ती पद्धत करून बघणार आहे. दहाच. जमलं नाही तर दहा टोपल्या वाया जातील, वर्ष जाणार नाही.

मावसभावाने सगळे पैसे घातले नाहीत. हुकमी पत्ते चार घेतले, शोधणारे आठ, बाकी कागदाचेच. स्पर्धेत कागद चालत नाही, म्हणून यंदा तो 60 चा डेक घेऊन जाणार आहे. जाताना खोका माझ्या टेबलावर ठेवून गेला. "ताई, छत्तिसाव्या क्रमांकाला काय घालायचं ते शोधून ठेव."

शोधतेय. सुचलं तर सांगा.