पोकळीतली मूर्ती

आमच्या बस्तीत पितळेची एक सिद्धप्रतिमा आहे. उभा पत्रा, खाली बैठक, आणि पत्र्याच्या मधोमध कायोत्सर्गातली मनुष्याकृती कापून काढलेली. धातू आहे तो भोवती. सिद्ध आहेत ते जिथे धातू नाही तिथे. लहानपणी मी विचारलं होतं, "आज्जी, यातला देव कुणी नेला?" ती म्हणाली, "नेला नाही गं, तिथंच आहे. नीट बघ." मी पुष्कळ बघितलं. मला भोकच दिसलं.

पुढे एडगर रुबिन या डॅनिश मानसशास्त्रज्ञाचं ते प्रसिद्ध चित्र पाहण्यात आलं. त्याचा ग्रंथ 1915 चा. बघाल तर फुलदाणी, बघाल तर समोरासमोरचे दोन चेहरे. मधली रेघ एकच. मन ती ज्याला बहाल करील त्याला आकार मिळतो, दुसरं नुसती पार्श्वभूमी होऊन मागे सरतं. डोळा पुरवतो तो उजेड आणि कडा. वस्तू कुठली, हे मन ठरवतं. आमच्या प्रतिमेत पितळ चकाकतं म्हणून मन आधी त्यालाच वस्तू मानतं. मग खांदे, लोंबते हात ओळखू येतात आणि कडा पितळेची न राहता पोकळीची होते.

हे सांगितलं की काहीजण म्हणतात, "म्हणजे हे शून्याचं चित्र!" नव्हे. आपल्याकडे सिद्धजीव शून्य होत नाही. देह सुटतो, पण अंतिम देहाहून किंचित कमी असा आकार राहतो, आणि तो अनंत ज्ञान-दर्शन-सुखानं भरलेला असतो. डोळ्याला जे रिकामं, ते श्रद्धेला भरलेलं. कलाकृतीचं सगळं बळ या ताणात आहे.

दुसरे म्हणतात, "बघा, आपल्या आचार्यांना हे आधीच माहीत होतं." तत्त्वार्थसूत्रात अवग्रह, ईहा, अवाय, धारणा आहेत खरे: काहीतरी आहे, काय असावं, हेच आहे, लक्षात राहिलं. माझं त्या मूर्तीशी असंच झालं. पण रुबिन आकृती कशी उठते ते तपासत होता. उमास्वामी मतिज्ञानाचे टप्पे सांगत होते, आणि सिद्धांना तर इंद्रियंच नाहीत. दोघांना एका मापानं मोजून दोघांचाही मान राहत नाही.

आता तक्रार. पोकळी मागच्याचा रंग घेते. कुणी हिरवं लुगडं नेसून मागून गेलं की सिद्ध हिरवे. हल्ली प्रतिमेमागे जरीचा पडदा आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ लावलीय. भक्तीनंच लावलीय, पण आकृती फुटली. वेलबुट्टीतून खांदे शोधावे लागतात.

आज्जी दर चतुर्दशीला प्रतिमेमागे धुतलेलं साधं पांढरं कापड टांगायची. त्याबद्दल तिला कुणी कधी काही म्हटलं नाही, कारण ते कापड कुणाला दिसलंच नव्हतं. दिसले ते सिद्ध. मला वाटतं, ती मूर्ती आमच्यात सगळ्यांत चांगली तिलाच कळली होती.

बायांनो, पडदा काढायचं आपण मनावर घेऊ या. कापड मी धुऊन आणीन.