कच्चें मडकें आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक

प्रा. रामचंद्र दत्तात्रय रानडे यांचा ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा इंग्रजी ग्रंथ १९३३ सालीं पुण्यास प्रसिद्ध झाला. आम्हीं तो प्रथम वाचला तो एम्. ए. च्या परीक्षेच्या धास्तीनें. यंदा पुन्हां वाचला तो एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळें. विद्यार्थी तेरचा. आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गोरोबाकाकांचें गांव. तेरणेच्या कांठीं त्यांची समाधि आहे. वर्गांत धर्मानुभवाच्या प्रामाण्याची चर्चा चालली असतां तो उठून म्हणाला, “सर, काका नामांत दंग होते हें मान्य, पण पायांखालीं आलेल्या पोराचें काय?” घंटा झाली म्हणून आम्ही सुटलों. घरीं येऊन मात्र रानड्यांचा ग्रंथ कपाटांतून काढावा लागला.

रानड्यांचा जन्म १८८६ सालीं जमखंडीस झाला. विद्यार्थिदशेंतच त्यांनीं उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचा अनुग्रह घेतला. पुढें फर्गसन व विलिंग्डन महाविद्यालयांत अध्यापन, १९२६ सालीं उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावरील गाजलेला ग्रंथ, नंतर अलाहाबाद विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचें अध्यासन आणि अखेर कुलगुरुपद. १९५७ सालीं सोलापूर-विजापूर रेल्वेमार्गावरील निंबाळ येथें त्यांनीं देह ठेवला. आम्हां प्राध्यापकवर्गापैकीं पुष्कळांचें आयुष्य एवढ्या मजकुरांत संपतें. रानड्यांचें संपत नाहीं. सत्तामीमांसा शिकविणें आणि नामस्मरण करणें हे दोन निराळे व्यवसाय आहेत असें त्यांनीं कधीं मानलेंच नाहीं. अंतिम सत्य काय, हा प्रश्न वर्गांत विचारावयाचा आणि त्याचें उत्तर आसनावर शोधावयाचें, असा त्यांचा क्रम होता. संतांना त्यांनीं तत्त्वज्ञांच्या पंक्तीस बसविलें तें या अधिकारानें. डॉ. बेलवलकर आणि ते यांनीं योजिलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा सातवा खंड म्हणून हें पुस्तक निघालें, यावरूनच त्यांचा हेतु स्पष्ट होतो. कुंभार, शिंपी, माळी यांच्या अभंगांना शंकराचार्यांच्या भाष्यांशेजारीं जागा देणें हें त्या काळीं लहानसहान धाडस नव्हतें.

ग्रंथाची मांडणी मात्र आम्हांस नीटशी पटत नाहीं. ज्ञानदेवांचा काळ बुद्धिप्रधान, नामदेवांचा लोकसत्ताक, एकनाथांचा समन्वयाचा, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांचा कृतिप्रधान, अशा पांच चिठ्ठ्या रानड्यांनीं डकविल्या आहेत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेस त्या फार सोयीच्या. आम्हीहि त्यांवर गुण मिळविले! परंतु ज्ञानेश्वरींतील माउलीपण बुद्धिप्रधान या शब्दांत कसें बसावें? दुसऱ्या चिठ्ठीखालीं आमचे गोरोबा येतात. सर्व जातींच्या संतांचा मेळा म्हणून तो काळ लोकसत्ताक, हें ठीक; पण गोरोबांच्या ठिकाणीं जें विशेष आहे त्यास ही चिठ्ठी स्पर्शहि करीत नाहीं.

ग्रंथाचें खरें बळ प्रस्तावनेंत आहे. साक्षात्कार म्हणजे ईश्वराचें साक्षात्, मध्यस्थावांचून होणारें ज्ञान, असें सांगून रानडे थांबत नाहींत. तो खरा कशावरून, हेंहि विचारतात. देशकालाचा भेद असूनहि संतांचे अनुभव जुळतात, ही एक खूण; त्या अनुभवानें बुद्धि, भावना आणि शील यांचा उत्कर्ष होतो, ही दुसरी. विल्यम जेम्स यांनीं १९०२ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत म्हटलें होतें कीं, असा अनुभव ज्याचा त्याला प्रमाण असेल, इतरांवर त्याची सक्ति नाहीं. रानडे त्यापुढें एक पाऊल टाकूं पाहतात. अनुभवांची एकवाक्यता हा पुरावा आम्हांस दुबळा वाटतो. एकाच परंपरेंत वाढलेल्यांचे शब्द जुळले तर त्यांत नवल तें काय? शीलाची कसोटी मात्र भक्कम आहे, आणि म्हणूनच ती जपून वापरली पाहिजे.

ती कशी वापरावी हें तेरच्या कुंभारास ठाऊक होतें. संत जमले असतां मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटलें. नामदेव रागावले, काकांनीं निर्णय दिला कीं हें मडकें कच्चें आहे. कथा म्हणून हसून सोडण्यासारखी ही गोष्ट नव्हे. विठ्ठल ज्याच्याशीं बोलतो, ज्याच्या हातचें जेवतो, त्याचाच अनुभव येथें अपुरा ठरला! अनुभव उत्कट असला म्हणून पक्का ठरत नाहीं. त्याची परीक्षा बाहेरून, दुसऱ्याच्या हातून व्हावी लागते. नामदेवांनीं अखेर हें मानलें आणि विसोबा खेचरांस शरण गेले. जेम्स व रानडे यांच्यामधला वाद इतक्या थोडक्यांत मांडलेला आम्हांस अन्यत्र आढळला नाहीं.

आतां त्या पोराविषयीं. काकांची बायको पाण्यास गेली, मूल रांगत चिखलांत आलें आणि भजनांत देहभान हरपलेल्या बापानें तें मातीबरोबर तुडविलें. पुढें पंढरपुरीं मूल परत मिळालें, काकांचे तुटलेले हातहि फुटले, असें कथा सांगते. भक्तास तेवढ्यानें समाधान होईल. सत्तामीमांसेच्या प्राध्यापकास तें घेतां येत नाहीं. कारण शील ही जर कसोटी, तर मूल परत येण्यापूर्वींच्या त्या घटकेस अनुभव खरा होता कीं खोटा, हें सांगणें प्राप्त आहे. तेथें थापटणें त्या आईच्या हातीं आहे. लोककथेनें तिचा आक्रोश गाळला नाहीं, तिला नवऱ्यावर कोपूं दिलें. हें लोककथेचें मोठेपण. रानड्यांच्या विवेचनांत संत बोलतात, गुरु बोलतात, परदेशचे साधुहि बोलतात. संताच्या घरांतल्या माणसाची साक्ष कोणी काढीत नाहीं. एवढी थोर कसोटी हातीं असतां ती ज्यांच्यावर अनुभवाचा भार पडला त्यांच्या बाजूनें लावून पाहिली नाहीं, ही या ग्रंथाची आम्हांस जाणवलेली सर्वांत मोठी उणीव होय.

तेरच्या विद्यार्थ्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं हें सारें सांगितलें. त्याचें समाधान झालें नाहीं. आमचेंहि झालेलें नाहीं. ग्रंथ तो घरीं घेऊन गेला आहे. इंग्रजी जड वाटल्यास रानड्यांनींच संकलित केलेल्या मराठी वचनामृतांपासून आरंभ कर, असें आम्हीं त्यास सुचविलें आहे.